शेवटची पायरी आधी: स्वमग्न लेकराला स्वतःचं स्वतः करायला शिकवताना

"शी-शू सांगायला लागला, आपली चड्डी आपण घालायला लागला, की घेऊन या." बाळू साडेचार वर्षांचा असताना एका बालवाडीच्या दारात मी हे ऐकलं. बाई वाईट बोलल्या नाहीत, पण दार काही उघडलं नाही. घरी येईपर्यंत मी रडले. संध्याकाळी मशीनवर बसले तेव्हा डोक्यात एकच घोळत होतं. याला चड्डी घालायला शिकवलंय कुणी? मी घालून देत होते, आजी घालून देत होती, शाळेला निघालेली ताईसुद्धा जाता जाता वर ओढून देत होती. साडेचार वर्षांत त्या चड्डीच्या नेफ्याला त्याचा हात एकदाही लागलेला नव्हता.

मी लातूरला राहते, घरीच शिवणकाम करते. बाळूचे बाबा आडत दुकानात हिशेब लिहितात. बाळू आता आठ वर्षांचा आहे. त्याला स्वमग्नता आहे, म्हणजे ऑटिझम. दहा-बारा शब्द बोलतो, तेही मनात आलं तर. पण चड्डी-टीशर्ट स्वतः घालतो, संडासला स्वतः जातो, हात धुतो, ताटात वाढलेलं स्वतः खातो. शर्टाचं गळ्याजवळचं बटण अजून जमत नाही. नखं मीच काढते. या चार वर्षांत मला जे कळलं ते लिहिते. काही सरकारी दवाखान्यातल्या ओटीच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या (रोजची कामं करायला शिकवणाऱ्या) मॅडमनी शिकवलं, काही बाळूनं.

आधी एक सांगून टाकते, कारण हे मनातून गेल्याशिवाय आईचे हात चालत नाहीत. स्वमग्नता आईच्या दुर्लक्षानं होत नाही, लसीनं होत नाही, ग्रहणात काही चिरल्या-कापल्यानं तर नाहीच नाही. मेंदूची घडणच मुळात वेगळी असते. त्या घडणीला आवाज, स्पर्श, वास कधी फार टोचतात, कधी अजिबात जाणवत नाहीत. कामाची साखळीही आपल्यासारखी आपोआप जुळत नाही. ताई दोन वर्षांची असताना माझ्याकडे बघून बघून चपला घालायला शिकली. बाळू बघून शिकत नाही. त्याला हातानं शिकवावं लागतं आणि तुकड्या-तुकड्यानं शिकवावं लागतं. आळस नाही तो, हट्टही नाही.

चड्डीपासून सुरुवात

कुठून सुरू करावं असं विचाराल तर चड्डीपासून करा. दिवसातून पाच-सहा वेळा तिची गरज पडते. त्यामुळे सराव मुद्दाम घ्यावा लागत नाही.

एक दिवस स्वतः चड्डी किंवा सलवार घाला आणि हात काय काय करतात ते बघा. मी कागदावर लिहून काढलं. चड्डी उचलायची. पुढची बाजू ओळखायची. खाली बसायचं. दोन्ही अंगठे नेफ्यात घालायचे. एक पाय आत, मग दुसरा. गुडघ्यापर्यंत ओढायची. उभं राहायचं. मांडीवरून वर घ्यायची. मागून ढुंगणावरून सोडवायची. कमरेवर बसवायची. अकरा पायऱ्या निघाल्या. आपण "चड्डी घाल" म्हणतो तेव्हा लेकराला या अकरा गोष्टी एका दमात मागतो.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या पायरीपासून शिकवायला जाऊ नका, शेवटच्या पायरीपासून शिकवा. पहिल्या दहा पायऱ्या मी करायचे. चड्डी कमरेच्या चार बोटं खाली आणून सोडायचे, तेवढी चार बोटं बाळूनं ओढायची. बस्स. ओढली की काम संपलं, आणि संपवलं त्यानं. पहिली पायरी त्याच्याकडे दिली असती तर चड्डी उचलून झाल्यावर पुढच्या दहा पायऱ्या त्याला नुसतं उभं राहून करून घ्याव्या लागल्या असत्या. त्यात त्याच्या हाती काय लागलं असतं? शेवटची पायरी त्याची असली की काम पुरं होण्याचा आनंद थेट त्याच्या पदरात पडतो, बक्षीसही तिथल्या तिथे देता येतं.

चार बोटं जमली की चड्डी मांडीवर सोडायची. मग गुडघ्यावर, मग घोट्यावर. असं उलटं उलटं येत यायचं. पहिली चार बोटं जमायला अकरा दिवस लागले. मांडी आणि गुडघा एका आठवड्यात पार पडले. पाय घालायच्या पायरीवर मात्र दीड महिना अडकलो, कारण दोन्ही पाय एकाच भोकात जायचे. पुढच्या पायरीवर कधी जायचं याचा माझा नियम असा की सलग तीन दिवस माझा हात न लागता जमलं की पुढे. दोन दिवस जमून तिसऱ्या दिवशी बिघडलं तर तिथेच थांबायचं.

मदत करताना मागे उभं राहा. हे मॅडमनी पहिल्याच दिवशी दाखवलं. समोरून केलं की लेकराला आपले हात अंगावर येताना दिसतात, शिवाय डावं-उजवं उलटं होतं. मागून त्याच्या हातांवर आपले हात ठेवले, त्याच्या अंगठ्यांवर आपले अंगठे ठेवून ते नेफ्यात घातले, की हालचाल त्याचीच होते, जोर फक्त आपला. हात झटकून दिले तर धरून ठेवू नका. सोडा, थांबा, थोड्या वेळानं पुन्हा बघा. हळूहळू आपला हात वर सरकवत न्यायचा: पंजावरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर, मग नुसतं खांद्याला बोट. शेवटी मागे नुसतं उभं राहायचं. एक दिवस मी मागे नाही हे बाळूच्या लक्षातही आलं नाही. मी दाराआडून बघत होते.

तोंड बंद ठेवा

ही चूक मी केली, म्हणून जरा सविस्तर सांगते. सुरुवातीला हात चालवता चालवता मी बोलत राहायचे, "वर ओढ, शाब्बास, अजून वर, अजून." तीन आठवड्यांनी बाळू गुडघ्यापासून वरचं सगळं हातानं करायला लागला. एका दुपारी तो न्हाणीघरातून लवकर बाहेर आला नाही म्हणून आत गेले, तर चड्डी गुडघ्यावर धरून भिंतीकडे बघत उभा. मी काही बोलले नाही. तोही हलला नाही. किती वेळ तसाच होता कोण जाणे. शेवटी मी "वर ओढ" म्हणाले आणि लगेच त्यानं ओढली.

माझे शब्द त्याच्या साखळीतली बारावी पायरी होऊन बसले होते. आई बोलल्याशिवाय चड्डी वर जात नाही, असं तो शिकला होता. हाताची मदत हळूहळू काढून घेता येते, बोलण्याची सवय काढणं फार अवघड. ती मोडायला मला दोन महिने लागले. आता काम सुरू करताना एकदाच "चड्डी" एवढा एक शब्द बोलते, मग गप्प. अडला तर मनात दहा आकडे मोजते. तरीही अडलेलाच असेल तर हातानं मदत करते, तोंडानं नाही. दहा आकडे फार लांब वाटतात. पण कितीतरी वेळा सातव्या-आठव्या आकड्याला त्याचा हात हलतो.

शब्दाऐवजी चित्र ठेवा. आम्ही फोनवर बाळूचेच फोटो काढले: चड्डी हातात, पाय आत, चड्डी वर. पोस्टकार्डाएवढे छापून प्लास्टिकमध्ये घालून घेतले आणि त्याच्या डोळ्याच्या उंचीवर ओळीनं चिकटवले. छापील चित्रातला गोरा गुबगुबीत मुलगा त्याला कळला नाही, स्वतःचा फोटो बरोबर कळला. एक पायरी झाली की तो फोटो काढून खालच्या डब्यात टाकायचा. डब्यात पडलं म्हणजे संपलं.

बक्षिसाचंही असंच आहे. लेकराला खरोखर काय आवडतं ते बघा, आपल्याला काय द्यावंसं वाटतं ते नको. चॉकलेट बाळूनं थुंकून टाकलं. दोऱ्याचं रिकामं रीळ टेबलावर फिरवायला मात्र तो जीव टाकतो. चड्डी कमरेवर बसली की त्याच क्षणी रीळ हातात, एक मिनिट फिरवायला. ते रीळ एरवी दिवसभर त्याला दिसूही द्यायचं नाही, नाहीतर त्याची किंमत जाते.

शिंपिणीच्या नजरेतून दोन गोष्टी

अर्धी अडचण कपड्यातच असते. बाजारातल्या चड्डीचं इलॅस्टिक इतकं आवळ असतं की लहान बोटं आत शिरतच नाहीत. शिकवायच्या दोन-तीन चड्ड्या एक माप मोठ्या घ्या. नेफा उसवून मऊ, रुंद इलॅस्टिक घाला. दोन्ही कुशींना नेफ्यावर त्याच कापडाचे बोटभर फासे शिवा, अंगठा अडकवून ओढायला. हात तयार झाले की फासे कापून टाकायचे. पुढच्या बाजूला आतून लाल दोऱ्याचे चार टाके घाला, म्हणजे पुढचं-मागचं कळतं. मानेवरचं लेबल नुसतं कापू नका, त्याची उरलेली कडा जास्त टोचते. टाका उसवून पूर्ण काढा. नवं खाकी कापड दोन-तीनदा धुऊन खळ घालवल्याशिवाय अंगाला लावू नका. कपडे फाडून काढणारं लेकरू पुष्कळदा त्या शिवणीलाच वैतागलेलं असतं. एखादा दिवस कपडा उलटा, शिवण बाहेर करून घाला, लगेच कळेल.

बटणासाठी मी जाड कापडाची पट्टी केली. तिच्यावर कोटाची मोठी बटणं, काजं सैल. पट्टी टेबलावर ठेवायची आणि बटण काजातून अर्धं बाहेर काढून द्यायचं. उरलेलं अर्धं ओढून घ्यायचं काम त्याचं. इथेही शेवटच आधी. मग बटणं लहान करत गेले, मग पट्टी त्याच्या पोटावर बांधली, कारण टेबलावरचं बटण आणि पोटावरचं बटण ही त्याच्यासाठी दोन वेगळी कामं आहेत.

संडास-लघवी

शिकवायला बसण्याआधी पोट बघा. बाळू दूध-भाताशिवाय काही खात नव्हता. त्यामुळे शी खड्यासारखी व्हायची, दुखायचं, म्हणून तो दाबून धरायचा, त्यानं ती आणखी कडक व्हायची. मी मात्र त्याला दटावून बसवायचे. मॅडमनी आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. औषधानं शी मऊ राहायला लागली, त्यानंतर बऱ्याच दिवसांनी त्याची भीती गेली, आणि मगच शिकवणं सुरू झालं. चड्डीला सारखं थोडं थोडं लागत असेल तर ते जुलाबच असतील असं नाही. आत साठलेल्या खड्याच्या कडेनं पातळ झिरपत असतं, तसंही असू शकतं. डॉक्टरांना दाखवा.

मग तीन दिवस वही ठेवा. दर अर्ध्या तासानं हात लावून बघायचं, कोरडं की ओलं, आणि लिहायचं. तिसऱ्या दिवशी बाळूचा हिशेब दिसायला लागला: साधारण सव्वा तासानं शू, सकाळच्या दुधानंतर पाऊण तासात शी. लेकरू तास-दीड तास कोरडं राहत असेल तर शिकवायला योग्य वेळ आली समजा. वहीतल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी न्यायचं. तीन-चार मिनिटं बसवायचं, झालं नाही तर काही न बोलता उठवायचं. अर्धा तास बसवून ठेवलं की ती जागाच शिक्षा वाटायला लागते.

आमच्याकडे इंडियन संडास आहे, आणि बाळूला त्या भोकाची भीती. पाय कुठे ठेवायचे तेही कळत नव्हतं. त्याचे बाबा पिवळा ऑइलपेंट घेऊन आले आणि पाय ठेवायच्या जागी बाळूच्याच पावलांच्या आकाराचे दोन ठसे काढले. पहिले चार दिवस चड्डी घालूनच, नुसतं ठशांवर उभं राहायचं आणि बाहेर यायचं. मग चड्डीसह बसायचं. मग चड्डी काढून. पाणी ओतायचा आवाज त्याला सोसत नसे, म्हणून तो बाहेर आल्यावर मी ओतायचे. पुढे त्याच्याच हातात लहान मग दिला. आवाज आपल्या हातानं केला की तितका घाबरवत नाही. मुलगा असला तरी सुरुवातीला शू पण बसूनच शिकवा, उभं राहून नंतर येतं.

धुण्याबद्दल कुणी नीट सांगत नाही. उजव्या हातानं पाणी सोडायचं, डावा हात मागून न्यायचा, आणि जे करतोय ते दिसत नाही, अशी तिहेरी कसरत आहे. आम्ही ती अंगणात शिकलो. स्टीलच्या ताटलीला भिजवलेल्या पिठाचा ठिपका लावायचा, उजव्या हातात मग, डाव्या हातानं चोळून ताटली स्वच्छ करायची. आठवडाभर हा खेळ केला. मग ताटली त्याच्या पाठीमागे धरली, न बघता धुवायला. त्यानंतर खऱ्या जागी, सगळ्यात शेवटचा मग त्याचा. आजही शी झाल्यावर मी एकदा बघून घेते.

रात्रीचा विषय सध्या सोडून द्या. दिवसाचं पक्कं झाल्यावरसुद्धा रात्रीचं यायला कितीतरी महिने जातात. आणि एक गोष्ट पहिल्या दिवसापासून: चड्डी वर आल्याशिवाय संडासाच्या बाहेर पाऊल नाही, दार लोटल्याशिवाय चड्डी खाली नाही. पाच वर्षांच्या मुलाचं नागडं धावणं घरात चालून जातं, पंधराव्या वर्षी तेच त्याच्या अंगाशी येईल.

पाणी आणि हात धुणं

स्वमग्न लेकरांपैकी पुष्कळांना पाण्याचं वेड असतं, आणि आपण राहतो मराठवाड्यात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा बाळू पोटातही नव्हता, ताई कडेवर होती. ते दिवस बघितलेल्या बाईला तोटी उघडून धारेखाली बोटं फिरवत बसलेलं लेकरू बघवत नाही. मी ओरडायचे, तो कानांवर हात ठेवायचा, पाणी वाहतच राहायचं.

उपाय साधा निघाला. तोटी असलेला प्लास्टिकचा कॅन स्टुलावर ठेवला आणि त्यात फक्त एक तांब्या पाणी भरायला लागले. नळाच्या धारेला शेवट नसतो, म्हणून त्याला थांबायचं कळत नव्हतं. कॅनमधलं पाणी संपतं. ते संपताना दिसतं, धार बारीक होते, थांबते. काही बोलावंच लागत नाही. आठवड्याभरात तो थेंब थांबले की टॉवेलकडे वळायला लागला. साबणाची वडी हातातून निसटायची म्हणून ती जुन्या मोज्यात घालून मोजा कॅनच्या कडीला बांधला. मोजा चोळायचा, फेस येतो. इथेही शेवटची पायरी आधी, म्हणजे टॉवेलला हात पुसणं. मग पाण्याखाली हात धरणं, मग चोळणं, तोटी फिरवणं सगळ्यात शेवटी.

पाण्यात खेळायची त्याची भूक खरी आहे, ती मारून टाकू नये. रोज संध्याकाळी परातीत दोन तांबे पाणी, वाट्या आणि गाळणी घेऊन तो अर्धा तास बसतो. ते पाणी नंतर तुळशीला.

जेवण

ताटाखाली ओलं फडकं घाला, ताट सरकत नाही. चमच्यानं सुरुवात करायची असेल तर चमच्याला चिकटून राहील असं काही द्या: घट्ट खिचडी, दही-भात, शिरा. वरण नको, तोंडापर्यंत जाईतो सांडतं आणि लेकरू नाउमेद होतं. चमच्याच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळली की पकड बसते. घास भरलेला चमचा ताटापासून ओठांजवळ आपण न्यायचा, शेवटचे दोन इंच त्याचे. पुढचं आता तुम्हाला ठाऊक आहे.

भाकरी हातानं मोडणं फार उशिरा आलं. एका हातानं दाबून त्याच हाताच्या बोटांनी तुकडा तोडायचा, हे कौशल्य आपल्याला कौशल्य वाटतच नाही. मी आधी ताज्या, गरम ज्वारीच्या भाकरीचा तुकडा तीन बाजूंनी मोडून, एका धाग्यावर लोंबता ठेवायचे.

नवा पदार्थ सरळ ताटात टाकू नका. आधी त्याच्या ताटाशेजारी वेगळ्या वाटीत ठेवा, नुसता दिसू द्या. मग वास. मग बोट. बाळूनं पिठलं सत्तावीस दिवस नुसतं बघितलं. अठ्ठाविसाव्या दिवशी बोट चाटलं. नाक दाबून भरवलेला घास एकदा पोटात जातो, पण तो पदार्थ कायमचा जातो. खाण्याचे पदार्थ कमी कमी होत चालले असतील, वजन घटत असेल, किंवा लेकरू माती-खडू खात असेल तर वाट बघू नका. डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या, अशा मुलांत लोह कमी असू शकतं.

दात, नखं, केस

पेस्टचा झणझणीतपणाच पुष्कळ मुलांना सोसत नाही. कोरड्या मऊ ब्रशनं सुरू करा, मग सौम्य चवीची पेस्ट. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनीच फिरवावा. नखं अंघोळीनंतर मऊ असतात तेव्हा, एका दिवशी एकच बोट. कटिंगच्या मशीनच्या आवाजानं बाळू खुर्चीतून उडी मारायचा. आता कारागीर दादा घरी येतात, कात्रीनंच कापतात, अंगणात, रीळ हातात देऊन.

घरातली माणसं

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे सगळं क्रूर वाटायचं. "लेकराला कशाला रडवूलालीस? मी हाय की घालायला." त्यांच्या जिवाची तगमग मला समजत होती. वाद घालून उपयोग नव्हता. मी त्यांना एकच काम दिलं. त्या जात्यावर बसल्यागत मागे बसायच्या आणि बाळूनं चड्डी कमरेवर बसवली की रीळ त्यांनीच द्यायचं. नातवाचं हसू त्यांच्या वाट्याला आलं आणि पंधरा दिवसांत त्याच मला म्हणाल्या, "तू हात लावू नको, तो करूलालाय."

घरातल्या सगळ्यांनी एकाच पद्धतीनं करायला हवं. मी चार बोटांवर सोडणार आणि बाबा पूर्ण घालून देणार, असं झालं की लेकरू दोघांकडे दोन वेगळे नियम शिकतं. फोटोंच्या शेजारी मी एक कागद लावला आहे. त्यावर फक्त "सध्या कुठपर्यंत" एवढं लिहिते.

घरात आलेलं बाहेर येईलच असं नाही. येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येच्या शेतातल्या सणाला, आम्ही औसा तालुक्यातल्या शेतावर गेलो. कडब्याची कोप, भज्जी, आंबील, चाळीस माणसं, आणि बाळू सहा तास शू दाबून बसला, शेवटी कपड्यात झाली. घरी सहा महिने एकदाही चुकलं नव्हतं. तो विसरला नव्हता. त्याच्यासाठी शू म्हणजे पिवळे ठसे, आणि शेतात ठसे नव्हते. पुढच्या वर्षी मी जुन्या प्लायवूडवर तेच ठसे काढून फळी सोबत नेली. बांधाच्या आडोशाला ठेवली. तो गेला, बसला, आला. तुमचं लेकरू गावाला, लग्नाला, मामाकडे जाणार असेल तर त्याची एक ओळखीची वस्तू बरोबर घ्या: तोच मग, तीच फळी, तेच फोटो.

कागदपत्रांचं थोडक्यात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. शंका असेल तर त्यांना मुद्दाम सांगा, ते पुढे जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. थेरपी सुरू करायला दिव्यांगत्वाच्या दाखल्याची वाट बघू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. ४० टक्के किंवा जास्तीचा दाखला असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क त्याच कायद्यानं दिलाय. तो वाचल्यापासून शाळेच्या दारात माझा आवाज कापत नाही.

सध्या आमचं बुटांचं चाललंय. पट्टी चिकटवायचे काळे बूट घेतलेत. दोन्ही बुटांच्या आतल्या कडेला मी निळ्या दोऱ्याचा एकेक टाका घातलाय. दोन टाके एकमेकांशेजारी आले की बूट बरोबर पायासमोर. पट्टी चिकटवणं झालं, जीभ ओढणं झालं, आता टाच आत ढकलायची पायरी आहे. पाय तिरपा जातो, टाचेखाली बुटाची कडा दुमडते. आज सकाळी बाळूनं बोट घालून ती कडा स्वतः सरळ केली, टाच दाबली, पट्टी चिकटवली आणि रिळासाठी हात पुढे केला. दुसरा बूट अजून तसाच होता. मी तो उचलून त्याच्यासमोर ठेवला आणि मनात आकडे मोजायला लागले.